ओव्हरड्राइव्ह बसवलं, फेरे उतरले, पण चढावर ट्रक रडतो : क्राऊन-पिनियन बदलावं का?

डेन्व्हरकर
नमस्कार मंडळी. मागे कार्ब्युरेटरच्या धाग्यावर इथली गर्दी पाहिली होती, म्हणून हा प्रश्नही इथेच टाकतोय.

माझ्याकडे १९७२ ची शेव्हरोले सी-१० आहे. इकडे पिकअपलाच ट्रक म्हणतात, तेव्हा दहा चाकं आणि 'हॉर्न ओके प्लीज' डोळ्यांपुढे आणू नका. इंजिन ३०७ घनइंची व्ही-८, म्हणजे आपल्या हिशेबाने ५ लिटर. मूळचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स टीएच ३५०, तीन गिअरचा, वरचा गिअर सरळ १:१. मागच्या अ‍ॅक्सलचा रेशो ३.०७, म्हणजे चाकाच्या एका फेऱ्याला प्रोपेलर शाफ्टचे ३.०७ फेरे. टायरचा व्यास २८ इंच.

हायवेवर इंजिनाचा आवाज फार व्हायचा. म्हणून एका गॅरेजमधून ७००आर४ बसवून घेतला. त्यात चौथा गिअर ०.७० चा ओव्हरड्राइव्ह, म्हणजे इंजिनाच्या ०.७० फेऱ्यात बाहेरचा शाफ्ट एक फेरा घेतो. पूर्वी ताशी ६५ मैलांना टॅकोमीटर (इंजिनाचे मिनिटाचे फेरे) २५०० दाखवायचा, आता १९५० च्या आसपास. आवाज खरंच कमी झाला.

पण दोन गोष्टी खटकतात. एक, गॅलनला १३ मैल मिळायचे, अजूनही १३ च मिळतात. दोन, आय-७० ने डोंगराकडे निघालं की चौथ्यातून तिसऱ्यात, तिसऱ्यातून चौथ्यात अशी फुगडी सुरू होते. चौथ्यात राहिलाच तर इंजिन गुरगुरतं, पायाखाली थरथर जाणवते. गॅरेजवाला म्हणतो, क्राऊन-पिनियन (मागच्या अ‍ॅक्सलमधली दातांची जोडी, रेशो ठरवणारी) बदलून ३.७३ कर. म्हणजे फेरे कमी करायला पैसे घातले, आता वाढवायला पुन्हा घालू? हे पटत नाहीये. जाणकारांनी प्रकाश टाकावा.

अवखळ
म्हणजे पोट कमी करायला जिम लावली आणि ट्रेनर म्हणतो आता जरा वजन वाढवा. हलके घ्या. पॉपकॉर्न घेऊन बसलोय.

चक्रधर
डेन्व्हरकर, आधी आकडे मांडू, मग औषध.

फेरे = ताशी मैल × गिअर × अ‍ॅक्सल × ३३६ ÷ टायरचा व्यास इंचांत. (किलोमीटरवाल्यांनी ३३६ च्या जागी २०९ घ्यावा.) तुमचा टायर २८ चा, त्यामुळे ३३६ भागिले २८ म्हणजे बरोबर १२. ताशी ६५ ला ६५ × १२ = ७८०. आता या ७८० ला एकूण रेशोने गुणत चला.

जुना बॉक्स : ७८० × ३.०७ = २३९५.
नवा बॉक्स : ७८० × ३.०७ × ०.७० = १६७६.

पूर्वी तुम्हाला २५०० दिसायचे. टॉर्क कन्व्हर्टर (इंजिन आणि गिअरबॉक्सला तेलातून जोडणारा भाग) थोडा घसरतोच, ते ठीक. पण आता १६७६ च्या जागी १९५०? पावणेतीनशे फेरे कुठे गेले? दोन गोष्टी सांगा. ६५ म्हणजे कुणाचे ६५, डॅशबोर्डचे की जीपीएसचे? आणि कन्व्हर्टरचं लॉकअप, म्हणजे ही घसरण बंद करणारा आतला क्लच, लागतं का?

जीपवाला_जुन्नर
आपल्या लोकांपैकी कुणाला हा आजार आहे हे बघून बरं वाटलं.

घरी महिंद्राची सीजे-३बी आहे, आजोबांच्या वेळची. टी-९० बॉक्स, तीन गिअर, अ‍ॅक्सल ५.३८. चक्रधर यांच्या सूत्रात टाकून बघा, २८ चा टायर धरला तर ताशी ८० किलोमीटरला ३२०० च्या वर फेरे. हरिकेन इंजिनाची कमाल ताकदच ४००० ला. म्हणजे नारायणगावहून पुण्याला निघालं की चाकणपर्यंत कानात भुंगा. ही गाडी नांगरायला आणि डोंगर चढायला केलेली, तिला हायवे कुणी दाखवला हाच प्रश्न आहे.

अमेरिकेत या जीपला वॉर्न कंपनीचा ओव्हरड्राइव्ह मिळायचा. ट्रान्स्फर केसच्या (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणाऱ्या पेटीच्या) पाठीमागे, पीटीओच्या (बाहेरची यंत्रं चालवायच्या जोडाच्या) जागी घुसवायचा, इंजिनाचे फेरे चौथाईने कमी. आमच्याकडे तो हाती लागणं म्हणजे लॉटरी. त्यामुळे बहुतेक जण महिंद्राचाच पाच गिअरचा बॉक्स चढवतात, पाचवा ओव्हरड्राइव्ह. पण तो बॉक्स लांब. मग मागचा प्रोपेलर शाफ्ट आखूड होतो, जॉइंटचा कोन वाढतो आणि ताशी ६० च्या वर सगळी जीप अंगात आल्यासारखी घुमते. फेरे कमी झाले, कंप वाढला.

घाटरस्ता
@जीपवाला, हे सगळं पासिंगला चालतं का?

जीपवाला_जुन्नर
अवघड जागेचं दुखणं विचारलंत. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आणि जानेवारी २०१९ चा सुप्रीम कोर्टाचा निकाल, कंपनीच्या मूळ स्पेसिफिकेशनमध्ये फेरफार करायचा नाही. शेजारच्याने पाचवा गिअर घातलाय, मी घातलेला नाही. तसाच भुंगा ऐकत जातो, साठच्या वर जात नाही.

खडूस_म्हातारा
मला या धाग्याचं प्रयोजन कळलेलं नाही. ३.०७ अ‍ॅक्सल आणि १:१ गिअर म्हणजे तो ट्रक मुळातच हायवेसाठी गिअर केलेला होता. सरळ गिअरमध्ये ताकद शाफ्टमधून थेट मागे जाते, दात दाताला घासून थोडीफार वाया जाते ती तिथे जात नाही. ओव्हरड्राइव्ह फुकटात फेरे कमी करत नाही.

ताशी ५५ ने चालवा. १९७४ ते १९९५ अख्खी अमेरिका कायद्याने ५५ ने चालत होती, कुणाचं काही बिघडलं नाही.

मीनल_टी
काका, '८७ नंतर गावाबाहेरच्या हायवेवर ६५ ची परवानगी होती, आणि ५५ च्या काळातही पाळत कोण होतं! :)

खडूस_म्हातारा
@मीनल_टी, कायदा होता असं म्हणालो. पाळला असं म्हणालो नाही.

मीनल_टी
तुमचाच मुद्दा पुढे नेते. ते ५५ आलं १९७३ च्या तेलटंचाईमुळे, आणि इकडच्या मोठ्या गाड्यांत ऑटोमॅटिक ओव्हरड्राइव्हची लाट आली तीही त्याच पेट्रोलच्या धाकाने. ७००आर४ हा १९८२ चा. त्याआधी पन्नाशीच्या दशकात बोर्ग-वॉर्नरचे ओव्हरड्राइव्ह होते, पण पेट्रोल स्वस्त आणि इंजिनं मोठी झाली तसे लोक ते विसरले. डेन्व्हरकरांचा ट्रक नेमका त्या मधल्या काळातला आहे.

पाना_नंबर_तेरा
डेन्व्हरकर भावा, मी कोल्हापूरचा, शिरोलीत गॅरेज हाय. अमेरिकन ऑटोमॅटिक आमच्याकडं येत न्हाईत, पण दुबईत चार वर्सं हीच कामं केली.

अ‍ॅक्सल-फिक्सल नंतर बगा. पैलं टीव्ही केबल बगा.

अवखळ
ट्रकात टीव्हीसुद्धा? मग मायलेज कशाला हवं, गाडी लावा आणि मॅच बघा.

पाना_नंबर_तेरा
@अवखळ, हसा. थ्रॉटल व्हॉल्व्ह केबल. कार्ब्युरेटरच्या लिव्हरपासून गिअरबॉक्सपर्यंत जाते. पाय किती दाबला ते या केबलीवरनं बॉक्सला कळतं आणि त्या मापानं आतलं ऑइल प्रेशर वाढतं. केबल ढिली असली की प्रेशर कमी, क्लच घसरणार, आणि काय होतंय ते कळायच्या आत जळणार. लोक हिला किकडाऊनची वायर समजतात आणि 'गिअर लवकर पडूदेत' म्हणून ढिली सोडतात. एक्सिलेटर पुरा दाबला की केबल पुरी ताणली पायजे, सोडला की ढील शिल्लक नको. जुन्या कार्ब्युरेटरवर लिव्हरचं भोक चुकीच्या अंतरावर असतं, तिथं वेगळा ब्रॅकेट लागतो. तुमच्या गॅरेजवाल्यानं तो लावलाय का, बॉनेट उघडून फोटो टाका. तोवर घाट चढू नका.

डेन्व्हरकर
सर्वांचे आभार. एकेक करून.

चक्रधर : ६५ जीपीएसचे. लॉकअप लागतं का हे कसं ओळखायचं?

पानासाहेब : ब्रॅकेट आहे. एकाला पेडल दाबायला बसवून बघितलं, पुरं दाबलं की केबल पुरी ताणते.

चक्रधर
साधी चाचणी. सपाट रस्त्यावर चौथ्यात ताशी ६५ धरा. पेडल तसंच ठेवून डाव्या पायाने ब्रेक अगदी हलका टेकवा, दिवा लागण्यापुरता. लॉकअप लागलेलं असेल तर ते सुटेल आणि टॅकोमीटर दोनेकशे फेऱ्यांनी उडी मारेल. सुई हललीच नाही तर लॉकअप लागलेलंच नव्हतं. रस्ता रिकामा बघून करा.

निशिगंधा
मी गाड्यांतली नाही, पण धागा वाचतेय. एक बाळबोध प्रश्न. फेरे कमी म्हणजे दर मिनिटाला स्फोट कमी, म्हणजे पेट्रोल कमी, असं सरळ नाही का? मग मायलेज वाढलं का नाही?

चक्रधर
बाळबोध अजिबात नाही, सगळ्या धाग्याची गोम इथेच आहे.

ताशी ६५ ला हवा कापायला आणि टायर लोळवायला जी ताकद लागते ती गिअरवर अवलंबून नाही, ती तेवढीच. फेरे कमी केले की तीच ताकद कमी स्फोटांतून काढायची, म्हणजे प्रत्येक स्फोट मोठा हवा. त्यासाठी थ्रॉटल जास्त उघडावा लागतो. इथपर्यंत हे फायद्याचंच. पेट्रोल इंजिन अर्धवट मिटलेल्या थ्रॉटलमधून हवा ओढताना बरीच शक्ती वाया घालवतं, ती वाचते. शिवाय पिस्टन-रिंगचं घर्षण कमी. ओव्हरड्राइव्हची बचत येते ती इथून.

पण एका मर्यादेपर्यंतच. थ्रॉटल फार उघडला की मॅनिफोल्डमधला (इंजिनात हवा नेणाऱ्या नळ्यांतला) व्हॅक्यूम पडतो. जुन्या कार्ब्युरेटरमध्ये पॉवर व्हॉल्व्ह असतो, व्हॅक्यूम साधारण ८ इंचांखाली (पाऱ्याचे इंच) गेला की तो उघडतो आणि जादा पेट्रोल सोडतो, कारण त्याला वाटतं मालक ओव्हरटेक करतोय. म्हणजे इंजिन फिरतंय १७०० ने आणि पेट्रोल पितंय चढाच्या हिशेबाने.

त्यातून हे गृहस्थ राहतात डेन्व्हरला, ५२८० फुटांवर. दर हजार फुटांना साध्या इंजिनाची ताकद सुमारे ३ टक्के घटते आणि उपलब्ध व्हॅक्यूम सुमारे एका इंचाने. म्हणजे समुद्रसपाटीला १५ इंच दाखवणारं इंजिन तिथे १० दाखवणार. पॉवर व्हॉल्व्ह उघडायला अंतरच उरलं नाही. आय-७० तर पुढे आयझेनहॉवर बोगद्यापाशी ११ हजार फुटांवर जातो.

डेन्व्हरकर, पंधरा-वीस डॉलरचा व्हॅक्यूम गेज घ्या, नळी लांब करून काचेपाशी चिकटवा. टॅकोमीटरपेक्षा जास्त शहाणपण शिकवेल.

निशिगंधा
कळलं! इतकं स्वच्छ कुणी सांगितलं नव्हतं. धन्यवाद.

घाटरस्ता
अवांतर आहे, पण घाटाचा विषय निघालाच आहे तर.

मीनल यांनी बोर्ग-वॉर्नरचा उल्लेख केला. त्या जुन्या ओव्हरड्राइव्हमध्ये फ्रीव्हील असायचं. हँडल आत ढकललेलं असताना आणि वेग ठरावीक आकड्याखाली असताना पाय उचलला की इंजिन मागच्या चाकांपासून सुटायचं, सायकलसारखं. सपाट रस्त्यावर छान, उतारावर इंजिनाचा ब्रेक शून्य. म्हणून डोंगर उतरताना हँडल बाहेर ओढून ते बंद करायची सूचना असे.

आपल्याकडे हेच काम लोक हाताने करतात. खंबाटकी नाहीतर कसारा उतरताना डिझेल वाचवायला न्यूट्रल. वडील नाशिक-मुंबई ट्रक चालवायचे, त्यांचा नियम होता, ज्या गिअरने चढलास त्याच गिअरने उतर. न्यूट्रलवाल्या गाडीच्या ब्रेक लायनरचा वास कसाऱ्याला आधी येतो, गाडी नंतर दिसते. तेव्हा डेन्व्हरकर, बोगद्याहून खाली येताना लिव्हर ओव्हरड्राइव्हमध्ये ठेवू नका. ०.७० ला इंजिन गाडी धरत नाही.

लंडनचा_भाऊ
माझ्याकडे लँड रोव्हर सीरिज थ्री आहे. अ‍ॅक्सल ४.७, त्यावर फेअरीचा ओव्हरड्राइव्ह, गिअरला साधारण ०.७८. सपाट मोटरवेवर स्वर्ग. समोरून वारा आला की ओव्हरड्राइव्ह काढावा लागतो, कारण सव्वादोन लिटर डिझेलमध्ये ओढायला काही उरतच नाही. लिव्हर हातानेच टाकायचा-काढायचा, त्यामुळे निदान फुगडी तरी नाही. आपलं आपण ठरवायचं.

जाता जाता, इकडे एमजीबी आणि ट्रायम्फवाल्यांना लेकॉकचा ओव्हरड्राइव्ह मिळायचा, बटण दाबलं की झालं. त्यांचा माज वेगळाच.

खडूस_म्हातारा
माज आपल्याकडेही होता. नव्वदच्या दशकात अँबेसिडरमध्ये १८०० सीसी इसुझू इंजिन आणि पाच गिअरचा बॉक्स आला तेव्हा आमच्या ऑफिसच्या ड्रायव्हरने स्टिअरिंगजवळच्या दांडीवरून थेट खाली फ्लोअर शिफ्टवर उडी घेतली. पाचवा टाकला की मागे वळून साहेबांकडे बघायचा, दाद मिळते का म्हणून.

अवखळ
काका, कधी नव्हे ते चांगलं बोललात कशाबद्दल तरी. तब्येत बरी आहे ना?

मीनल_टी
कॉन्टेसालाही तेच इंजिन होतं. आमच्या शेजाऱ्यांकडे होती, पांढरी. असो, धागा भरकटतोय. डेन्व्हरकर कुठे गेले?

डेन्व्हरकर
इथेच आहे, ट्रकखाली होतो.

चक्रधर यांची चाचणी केली. ब्रेक टेकवला, सुई ढिम्म. मग जॅकवर घेऊन गिअरबॉक्सच्या डाव्या बाजूला बघितलं, तर लॉकअपच्या सोलेनॉइडचा (विजेवर चालणाऱ्या व्हॉल्व्हचा) कनेक्टर रिकामा! वायरच जोडलेली नाही. गॅरेजवाल्याला फोन केला तर म्हणे, "जुन्या गाडीला कॉम्प्युटर नाही ना, मग त्याची गरज नसते." फोन ठेवून दिला.

आता किट आणून जोडलंय. १२ व्होल्ट, मध्ये ब्रेक पेडलचा स्विच, एक व्हॅक्यूम स्विच आणि बॉक्समध्ये चौथ्या गिअरचा प्रेशर स्विच. तिन्ही जुळले तरच लागतं. ताशी ६५ ला आता १६९० दिसतात. चक्रधर, तुमचा १६७६ !!

सपाट रस्त्यावर, म्हणजे आय-२५ ने उत्तर-दक्षिण, फरक पडलाय, दोन टाक्यांची सरासरी १४ च्या थोडी वर आली. पण चढाची तक्रार वाढली. गेजवर चौथ्यात सपाटीलाच ८-९ इंच, जरा चढ आला की ५. व्हॅक्यूम स्विच लॉकअप सोडतो, मग बॉक्स तिसऱ्यात, मग पुन्हा चौथ्यात. फुगडीचा आता झिम्मा झाला.

चक्रधर
अपेक्षितच होतं. कन्व्हर्टर घसरत होता तेव्हा तोच इंजिनाला थोडे जास्त फेरे मिळवून देत होता, पेट्रोलची उष्णता करून. आता घसरण बंद, त्यामुळे इंजिन उघडं पडलं. आणि हो, इतके दिवस कन्व्हर्टर घसरत चालवलाय, गिअरबॉक्सच्या ऑइलचा रंग आणि वास बघा, करपट असेल तर बदला. वेगळा ऑइल कूलर नसेल तर तोही लावा.

आता तुमचा मूळ प्रश्न. खडूसकाका वर बरोबर बोलले होते, फक्त निष्कर्ष अर्ध्यावर सोडला. तुमचा ट्रक आधीच हायवेसाठी गिअर केलेला होता. ३.०७ ला ०.७० ने भागा : ४.३९. म्हणजे ज्याच्या अ‍ॅक्सलला ४.३९ आहे त्याला ओव्हरड्राइव्ह लावून जे मिळेल ते तुम्हाला १९७२ पासून फुकट मिळत होतं. त्यावर आणखी ०.७० चढवलं की एकूण रेशो २.१५. ३०७ सारख्या इंजिनाला, एवढ्या उंचीवर, खोक्यासारख्या आकाराच्या ट्रकमध्ये २.१५ ओढणं जमणार नाही.

माझ्या मते ओव्हरड्राइव्हचा खरा लाभ मागे बुटका (म्हणजे मोठ्या आकड्याचा) अ‍ॅक्सल लावण्याची मुभा मिळण्यात आहे, फेरे उतरणं हे त्याच्यासोबत आलेलं. बघा :

३.७३ लावलं तर चौथ्यात एकूण २.६१, ताशी ६५ ला २०३७ फेरे.
४.११ लावलं तर २.८८, फेरे २२४४. तरीही जुन्या २३९५ पेक्षा कमीच!

आणि पहिला गिअर बघा. जुना बॉक्स २.५२ × ३.०७ = ७.७४. नव्या बॉक्सचा पहिला ३.०६, त्याला ३.७३ ने गुणा, ११.४१. ४.११ ने गुणा, १२.५८. सिग्नलवरून निघताना दीडपट जोर आणि हायवेवर फेरे पूर्वीपेक्षा कमी. म्हणून 'फेरे वाढवायला पैसे कशाला' हा प्रश्नच उलटा आहे.

खडूस_म्हातारा
"निष्कर्ष अर्ध्यावर सोडला" म्हणजे काय? मी म्हणालो होतो ओव्हरड्राइव्ह घालू नका. हा पूर्ण निष्कर्ष आहे.

आता पैशाचं बोला. वर्षाला पाच हजार मैल चालवतात असं धरू. १३ ने ३८५ गॅलन, १५ ने ३३३. वाचले ५१-५२ गॅलन. गिअरबॉक्स, किट, क्राऊन-पिनियन, मजुरी यांची बेरीज करा आणि त्याला या बचतीने भागा. नातवाच्या लग्नापर्यंत वसूल होईल.

डेन्व्हरकर
काका, पैशाच्या हिशेबाने १९७२ चा ट्रक ठेवायचाच कशाला? कान शांत आणि मन शांत एवढंच हवंय. :)

न्यू_जर्सीचा_न्हावेकर
थोडा वेगळा अनुभव. माझा पाऊण टनी सी-२० आहे, मॅन्युअल. मूळचा एसएम ४६५, पहिला गिअर ६.५५, इतका बुटका की रिकाम्या ट्रकला कधी वापरलाच नाही, दुसऱ्यानेच निघायचं. वरचा १:१. मागे ४.१०, टायर ३०. ताशी ६५ ला २९८५ फेरे, शेजारच्याशी बोलायचं तर ओरडून. एनव्ही ४५०० बसवला, पाचवा ०.७३, आता २१८० च्या आसपास. मागे हातसुद्धा लावला नाही, कारण ४.१० आधीच होता. चक्रधर म्हणतात तेच. बुटका अ‍ॅक्सल असलेल्याला ओव्हरड्राइव्ह वरदान, उंच अ‍ॅक्सल असलेल्याला डोकेदुखी.

डेन्व्हरकर, तुम्ही ट्रेलर ओढत नसाल तर ३.७३. उन्हाळ्यात बोट-बिट ओढणार असाल तर ४.११, आणि ओढताना लिव्हर तिसऱ्यावरच ठेवायचा, ओव्हरड्राइव्ह विसरायचा.

घाटरस्ता
माझं मत ४.११. घाटात कुणाला कधी जास्त ताकदीचा पश्चात्ताप झालेला पाहिला नाही.

चक्रधर
घाटात नाही होणार. पण ७००आर४ मध्ये पहिल्या-दुसऱ्याच्या मध्ये मोठी दरी आहे, ३.०६ वरून थेट १.६३. ४.११ ला पहिला गिअर चौक निम्मा ओलांडेपर्यंतच संपतो आणि मग दुसऱ्यात धपकन फेरे पडतात. रोजच्या वापराला ३.७३ गोड वाटेल. शिवाय एकूण २.६१ ला व्हॅक्यूम सपाटीवर पॉवर व्हॉल्व्हच्या वर राहायला हवा. ते गेज सांगेलच.

पाना_नंबर_तेरा
काय बी लावा, पण लावणारा माणूस बगून लावा. क्राऊन-पिनियन म्हंजे चार बोल्ट काढले नि बदललं असं न्हाई.

क्राऊन आणि पिनियन जोडीनं येतं, दोन्हीवर एकच नंबर कोरलेला असतो, जोडी फोडायची न्हाई. पिनियनच्या मागं शिम घालून खोली जमवायची, बेअरिंगचा प्रीलोड (आवळ) इंच-पौंडाच्या टॉर्क पान्यानं मोजायचा, बॅकलॅश (दातांमधली ढील) डायल गेजवर. मग दातांना निळा रंग लावायचा, क्राऊन हातानं अडवत दोन्ही बाजूनं फिरवायचा आणि ठसा बगायचा. ठसा दाताच्या मधोमध लांबट पडला पायजे. टोकाला गेला, मुळाला गेला, तर पुन्ना खोला, शिम बदला, पुन्ना जुळवा. पोरगं घाई करतंय असं दिसलं की मी त्याला चहाला पाठवतो.

आवाजाची खूण सांगतो. एक्सिलेटरवर 'हूंऽऽ' आणि सोडल्यावर गप्प, किंवा उलटं, तर सेटिंग गंडलंय. पैले काही मैल हळू चालवा, तापू द्या, गार होऊ द्या, मग ऑइल बदला. आणि ज्यानं लॉकअपची वायर सोडली त्याच्याकडं हे काम देऊ नका, एवढी विनंती.

न्यू_जर्सीचा_न्हावेकर
पानासाहेबांना +१००. शिवाय काही अ‍ॅक्सलांत ठरावीक रेशोच्या पुढे कॅरिअरही (क्राऊन ज्यावर बसतो तो भाग) बदलावा लागतो. सामान मागवण्याआधी विचारून घ्या, नाहीतर पेटी उघडून बसाल आणि क्राऊन बसणारच नाही.

डेन्व्हरकर
ठरलं, ३.७३. ट्रेलर नाही, बोट नाही. अ‍ॅक्सलचंच काम करणारं एक दुकान मिळालंय, तिथल्या म्हाताऱ्याने मी विचारायच्या आधीच टायरचा व्यास विचारला, तेव्हाच विश्वास बसला. ३.०७ ची जोडी मी परत घेणार आहे, विकायला काढीन.

एक शेवटची शंका. स्पीडोमीटरचं काय होणार?

चक्रधर
बरं झालं विचारलंत. त्याची केबल गिअरबॉक्सच्या शेपटातून, आउटपुट शाफ्टवरून फिरते. ओव्हरड्राइव्हचा त्याला फरक पडत नाही, पण अ‍ॅक्सल बदलला की पडतो. ३.७३ भागिले ३.०७ म्हणजे १.२१५. खरे ६५ असताना काटा ७९ दाखवेल. शेपटातला प्लास्टिकचा छोटा गिअर बदलायचा, दातांच्या संख्येप्रमाणे वेगवेगळ्या रंगांचे मिळतात. दुकानात नवा रेशो आणि टायर सांगा, ते काढून देतील. आणि टायर मोजताना बाजूवर छापलेल्या आकड्यावर जाऊ नका. ट्रक उभा असताना चाकाच्या मध्यापासून जमिनीपर्यंत मोजा आणि दुप्पट करा, वजनाने टायर थोडा बसतोच.

अवखळ
थांबा थांबा. म्हणजे तो गिअर बदलला नाही तर काहीही न करता ट्रक ताशी १४ मैल जास्त पळायला लागेल आणि ओडोमीटरवर मायलेजही गॅलनला तीन मैलांनी वाढेल? खडूसकाका, झाले की पैसे वसूल!

खडूस_म्हातारा
@अवखळ, आणि तो ट्रक विकताना ओडोमीटरवर मैलही जादा दिसतील, ते कुणाच्या खात्यात धरू?

जीपवाला_जुन्नर
डेन्व्हरकर, काम झाल्यावर व्हॅक्यूमचे आकडे टाका, चढावरचेही. शेजाऱ्याच्या जीपला इथे गेज लावून बघणार आहे, त्याच्या पाचव्या गिअरमध्ये ओतूर ते आळेफाटा काय दाखवतोय ते कळवतो.